वहीतल्या खोट्या खुणा

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मासे वाटत होता.

सन चोवीसचा भाद्रपद. मी सुप्याच्या बाहेर, ओढ्याच्या काठाला पत्रावळींसाठी पानं काढायला गेले होते. पाऊस आडवा आला तशी पानं पदरात धरून समोरच्या पेंढ्याच्या छपराखाली शिरले. तिथं आधीच नऊ माणसं बसली होती. डोंगरातली कुणबी माणसं… बांबू तोडायला खाली आली होती आणि परत जायच्या आधी त्यांनी ओढ्यात मासे धरले होते. सागाची पानं ओळीनं मांडून एक तरुण त्यांवर मासे ठेवत होता. मोठा एक असेल तिथं लहान दोन, पुन्हा मागे येऊन इकडचा तिकडे. हाताला घाई अशी नव्हतीच.

मी मास्तरांची मुलगी, मला मोजायची खोड. माणसं नऊ होती आणि पानं दहा.

"एक वाटा जास्त झाला," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. "मोजणारी कोण ही?"

"मास्तरांची मुलगी. रुक्मिणी."

"मग बरोबर मोजलं." आता त्याने वर पाहिलं. केसांतून पाणी ओघळत होतं, आणि ओठांवर हसू होतं की नव्हतं, मला नक्की सांगता येईना. "पर हितं मोजू नये, बाय."

एक म्हातारा हसला. झिलूला शेवटी मास्तरीण भेटली, असं काहीतरी आपल्या बोलीत म्हणाला, आणि बाकीचेही हसले. झिलूने आपल्या वाट्यातले दोन मासे पानात गुंडाळून माझ्यासमोर ठेवले. मग दहावं पान उचललं, पावसात चालत ओढ्याकाठच्या एका दगडावर ठेवलं आणि मागे न बघता परतला. ते पान कुणाचं, हे कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

चार दिवसांनी तो आमच्या ओसरीवर उभा होता.

माझे वडील आप्पा, म्हणजे बाबुराव मास्तर, सुप्याच्या मराठी शाळेत शिकवत. आम्ही मूळचे नंदगडचे. सुप्याला आलो त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात आई तापाने गेली. डोंगराचा तो ताप… तेव्हा त्याला औषध म्हणजे कोयनेल, आणि तेही वेळेवर मिळालं तर. पुढं आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांना माणूस सावलीसारखा दिसे, अक्षर मुळीच दिसत नसे. मुलांच्या पाट्या मी वाचून दाखवायची, ते ऐकून चूक-बरोबर सांगायचे. वैशाखात त्यांची नोकरी संपणार होती आणि आम्ही नंदगडला परतणार होतो.

झिलूने आल्यामागचं कारण सांगितलं. आधीच्या मास्तरांपाशी, सुप्याला राहून, तो सहावीपर्यंत शिकला होता. मराठी फायनलच्या परीक्षेला दोनदा बसला. भाषेत, भूगोलात पास. दोन्ही वेळा गणितात गेला. त्याचं गाव आंबेकोंड, सोळा मैल वर, डोंगरात. तिथं शाळा मंजूर होती, पण बाहेरचा मास्तर टिकत नव्हता. पाच आले होते. दोघे पळाले, तिघांना तापात डोलीतून खाली आणावं लागलं. आता शाळांच्या बोर्डाने सांगितलं होतं की गावातलाच कुणी फायनल पास असेल तर शाळा उघडू, नाहीतर मंजुरी रद्द.

"आणि नाही झालास पास तर?" आप्पांनी विचारलं.

झिलूच्या मामाने कॅसलरॉकच्या लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम बघून ठेवलं होतं. फाल्गुनात परीक्षा, वैशाखात निकाल, मग एक इकडे नाहीतर तिकडे.

आप्पांनी त्याला दर बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं.

त्या ओसरीचं चित्र मला अजून जसंच्या तसं दिसतं. मध्ये घोंगडीवर आप्पा, एका बाजूला खांबाला टेकून झिलू, आणि दुसऱ्या बाजूला, उंबऱ्याच्या आत मी. आप्पा तोंडी गणित घालायचे. झिलू पाटीवर सोडवायचा आणि पाटी आप्पांच्या पुढून माझ्याकडे सरकवायचा. मी उत्तर वाचायची. चुकलं असेल तर मी पाटीवर रीत लिहून पाटी परत सरकवायची. त्रैराशिक, पंचराशिक, व्यस्त प्रमाण… आणि पडताळ्यासाठी थोडं बीजगणित, कारण आप्पांचं म्हणणं असं की जे ठाऊक नाही त्याला आधी एक नाव द्यावं, क्ष म्हणावं, म्हणजे त्याचं भय जातं.

आप्पांना दिसत नसे, पण कान फार तिखट. आमच्या तोंडून वावगा शब्द निघायची सोय नव्हती. पण पाटीवर काय लिहिलंय ते त्यांना कसं कळणार?

सुरुवात त्याने केली. तिसऱ्या की चौथ्या बाजाराला पाटी आली, तिच्यावर आप्पांनी न घातलेलं गणित होतं. एक माणूस सोळा मैल चालून येतो. घाटात तासाला दोन मैल, सपाटीला तासाला चार मैल. एकूण सहा तास लागतात. तर घाट किती मैल?

मी घाटाला क्ष मानलं आणि सोडवलं. आठ मैल आलं. पाटी परत सरकवली. त्याने उत्तराखाली लिहून पाठवलं — हे गणित नव्हे, हा माझा रस्ता.

मी लिहिलं — पावसात किती तास?

पाटी परत आली. पावसात मोजत नाही.

"पेन्सिल अजून चालतेय?" आप्पा म्हणाले. "एवढं काय गणित आहे?"

"पंचराशिक आहे, आप्पा."

"असेल. पंचराशिकाला हसू येतं हे मला ठाऊक नव्हतं."

मी ओल्या फडक्याने पाटी पुसली. झिलू खांबाकडे तोंड करून बसला होता, त्याचे खांदे हलत होते.

पुढच्या बाजाराला एका मुलीचं वय क्ष होतं. त्याच्या दुपटीतून बारा वजा केले की झिलूचं वय, म्हणजे बावीस. मी सोडवलं, सतरा. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझंच वय मी माझ्याच हाताने त्याला लिहून देत होते. उत्तराखाली मी लिहिलं — उत्तर बरोबर, विचारायची रीत चूक. त्याने त्याखाली बरोबरची खूण केली. आप्पांसारखी, लांब शेपटीची.

असे दिवस गेले. आश्विन, कार्तिक… भातं कापून झाली. बाजाराच्या दिवशी सकाळपासून माझं अर्धं लक्ष दाराकडे असायचं. दुपारी तो यायचा, पायऱ्यांवर पाय धुवायचा, आणि मी आतून तांब्या नेऊन ठेवायची. तांब्या उचलताना तो म्हणायचा, "बाय, आज मास्तर रागात हायत?" मी म्हणायची, "गणित आलं तर नाहीत." एवढंच बोलणं. रात्री तो मारुतीच्या देवळात पथारी टाकायचा आणि पहाटे परत वाटेला लागायचा.

आप्पांना तो आवडू लागला होता. एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले, वखारीत लागला तर पोरगा वाईट नाही. कॅसलरॉकला आगगाडी आहे, डॉक्टर येतो, कोयनेल मिळतं. मी भाकरीकडे बघत राहिले. त्यांनी पुढं म्हटलं, "नांगर धरणारे आपणही. आपण दोन पिढ्या आधी खाली उतरलो, एवढाच फरक." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "पण वर नाही. त्या डोंगरात माझी मुलगी जायची नाही. एक दिली तेवढी पुरे झाली."

पौषात त्यांनी त्याला दर आठवड्याला गणितांची एक वही करायला सांगितली. गणितं मी वहीत उतरवून द्यायची, तो ती आंबेकोंडला सोडवून आणून ठेवायचा, आणि तो गेल्यावर संध्याकाळी मी आप्पांना एकेक उत्तर वाचून दाखवायची. ते बरोबर म्हणाले की मी खूण करायची. पुढच्या बाजाराला तो ती वही घेऊन जायचा.

पहिल्या वहीत भागीदारीची आणि वाटणीची गणितं होती. तीन घरांनी मिळून शेत केलं. पहिल्या घराची दोन माणसं राबली, दुसऱ्याची तीन, तिसऱ्याची चार. भात झालं नव्वद पायल्या. तर कुणाला किती?

झिलूचं उत्तर होतं, अठरा, सत्तावीस, छत्तीस.

मी बेरीज केली. एक्क्याऐंशी. नऊ पायल्या कुठे गेल्या? पुढचं गणित बघितलं, तिथंही तसंच. त्याच्या पुढचंही. प्रमाण चोख होतं, भागाकार चोख होता, आणि दर वेळी बरोबर एक भाग नाहीसा झालेला. दोन, तीन आणि चार मिळून नऊ भाग व्हायचे तिथं त्याने दहा केले होते. मला ओढ्याकाठचं छप्पर आठवलं. माणसं नऊ, पानं दहा. वाटणी म्हटली की आधी देवाचा वाटा काढायचा आणि तो मोजायचा नाही, बोलायचा नाही, मग लिहिणार कुठून? परीक्षेच्या कागदावर फक्त चुकलेली उत्तरं दिसत असणार. अर्धा कागद या असल्या गणितांचा असे. दोनदा तो कशात गेला, ते कुणीच त्याला सांगितलं नव्हतं.

"काय उत्तर आहे?" आप्पांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "वीस, तीस, चाळीस."

"बरोबर."

मी अठरा, सत्तावीस, छत्तीसपुढे खूण केली.

हे मी न समजता केलं असं म्हणायची सोय नाही. मला त्या क्षणी सगळं दिसलं होतं. तो पास झाला तर सोळा मैल वर, जिथं आप्पा मला कधीच पाठवणार नाहीत. नापास झाला तर कॅसलरॉक… वखार, आगगाडी, आणि मी. वहीत त्या दिवशी वाटणीची अकरा गणितं होती. अकराही उत्तरं मी आप्पांना खोटी वाचली आणि अकरा खुणा केल्या.

पुढच्या बाजाराला त्याने वही उघडली. खुणा बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मला ओसरीवर बसवेना. चूल बघायच्या निमित्ताने मी आत गेले. त्या आठवड्याच्या वहीतही मी तेच केलं.

तिसऱ्या खेपेला माघ लागला होता. उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्या दारावरून चालल्या होत्या. घुंगरांच्या आवाजात गणित ऐकू येईना, म्हणून आप्पांनी शिकवणं थांबवलं आणि सहज विचारलं, की तू एवढ्या उशिरा शाळेत कसा आलास. बाराव्या वर्षी बिगरीत बसायला लाज वाटली नाही?

झिलूने पाटी खाली ठेवली. मग त्याने सांगितलं. त्याचा थोरला भाऊ परशू, कॅसलरॉकच्या खाली घाटात रेल्वेच्या कामाला गेला होता. एके दिवशी गावात पोस्टाचं एक कार्ड आलं. गावात वाचणारं कुणी नव्हतं. ओढे भरलेले. कार्ड आईने तांदळाच्या कणगीवर ठेवलं, आणि रोज त्याला हळदकुंकू लावायची, कारण ते परशूकडून आलेलं.

"एकोणीस दिवसांनी वाट मोकळी झाली," तो म्हणाला. "मी आन् बा सुप्याला आलो, वाचून घ्यायला. लिवलं हुतं, परशू लई आजारी हाय, कुणीतरी लगोलग या." गाड्यांचा आवाज लांब गेला होता. "आमी गेलो, मास्तर. तिथल्या माणसांनी जागा दावली. पंधरा दिस झालं हुतं."

आप्पांनी वाटणीचं एक गणित घातलं, आणि झिलू पाटीवर वाकला. पाटी माझ्याकडे आली. पुन्हा दहा भाग.

मी ती पुसली नाही. त्याच उत्तराखाली लिहिलं — वहीतल्या खुणा खोट्या आहेत. वाटणीची सगळी गणितं चुकली आहेत. मी आप्पांना दुसरंच वाचून दाखवलं.

पाटी सरकवली. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळू हळू एकच शब्द लिहिला.

का?

मी लिहिलं — तुम्ही नापास व्हावं म्हणून.

त्याने मान वर केली. आजवर आम्ही एकमेकांकडे बघायचो ते पाटीवरून, तिरकं, पळतं. त्या दिवशी त्याने सरळ बघितलं, आणि मला नजर वळवता आली नाही. रागवेल असं वाटलं होतं. राग होताच. पण तो हळूहळू दुसऱ्याच कशात तरी बदलत गेला आणि मला ते दिसत होतं. त्याने पुन्हा लिहिलं — का?

मी पेन्सिल हातात धरून बसले. ते लिहायला मला शब्द येत नव्हते… आणि त्यालाही आता ते लागत नव्हते, हे मला कळत होतं.

"काय झालं?" आप्पा म्हणाले. "पेन्सिल का थांबली?"

"आप्पा," मी म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोलले." आणि वह्यांचं सगळं सांगितलं. उत्तरं काय होती आणि मी काय वाचलं. का, ते मात्र सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांचा हात घोंगडीवर उगाच काहीतरी चाचपत राहिला. मग ते झिलूकडे वळले.

"दहावा भाग कुणाचा?"

"त्यो बोलायचा नसतो, मास्तर."

"बरं. नको बोलू. घरी भात येईल तेव्हा दहा कर, माझी ना नाही. पण कागदावर ज्यांची नावं दिलीत त्यांनाच वाटायचं."

"ज्याचं नाव न्हाई त्याला वाटा न्हाई?"

"कागदावर नाही."

झिलू माझ्याकडे बघत म्हणाला, "लई कडू हाय हे गणित."

"गोड असतं असं तुला कुणी सांगितलं?" आप्पा म्हणाले. "पाटी पूस. नऊ भागांनी कर."

तिथून परीक्षेपर्यंत पाटीवर दुसरं काही आलं नाही. मीच येऊ दिलं नाही. वाटणीची शंभरावर गणितं मी त्याच्याकडून करून घेतली. सुरुवातीला त्याचा हात अडखळायचा. दहा लिहायचा, खोडायचा, नऊ लिहायचा. मग अडखळेनासा झाला. बरोबर उत्तर आलं की मी मोठ्याने वाचायची, आप्पा बरोबर म्हणायचे, आणि मी खूण करायची. एकेका खुणेबरोबर मी त्याला सोळा मैल वर ढकलत होते. पण त्या खुणा खऱ्या होत्या.

फाल्गुनात तो हल्याळला जाऊन परीक्षा देऊन आला. परतताना दारावरून गेला तेव्हा मी झाडत होते. "आलं?" मी विचारलं. "आलं," तो म्हणाला. थांबला नाही, आणि मीही हातातली केरसुणी खाली ठेवली नाही.

वैशाखात आप्पांच्या नावे निकाल आला. तो मीच वाचला. झिलू पास होता.

आमची बांधाबांध झाली होती. दोन ट्रंका, भांड्यांचं पोतं, आईची परडी. नंदगडला काकांनी एक स्थळही बघून ठेवलं होतं, किराणा दुकानाचा धनी, सपाटीचा, तापाच्या वाऱ्यापासून लांब. झिलू आला तो आप्पांच्या पाया पडायला. मृगाआधी शाळा उघडायचा हुकूम त्याच्याकडे होता. आप्पा आत पागोटं शोधत होते, मी मागच्या दारी सरपण रचत होते. तो तिकडे आला आणि थोडा लांबच उभा राहिला.

"मी इचारणार न्हाई, बाय."

"काय?"

"तुमास्नी ठावं हाय."

"मग विचारा ना."

"न्हाई." तो जमिनीकडे बघत होता. "पाच मास्तर आले, तुमी ऐकलंय. तुमची आय हितं सपाटीला गेली. मी वर न्हेलं आन् काय झालं, तर ह्या मानसाला मी कुठलं तोंड दावू? ज्यानं मला पास केलं त्याचंच…" तो थांबला. "कॅसलरॉकला गेलो असतो तर इचारलं असतं. पर मग त्या पोरांचं काय? मला दोन्ही न्हाई जमत."

मी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "तुम्ही विचारू नका," मी म्हणाले. "मी सांगते."

आमच्या वेळी मुली असं काही सांगत नसत. मी तशीच ओसरीवर गेले. आप्पा घोंगडीवर बसले होते, पागोटं मांडीवर. झिलू मागोमाग आला आणि पायरीवरच उभा राहिला.

"आप्पा, मी नंदगडला येत नाही. मी आंबेकोंडला जाणार."

आप्पा पागोट्याची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"मला वाटलंच होतं," ते शेवटी म्हणाले. "ज्या दिवशी त्या खोट्या खुणांचं सांगितलंस त्या दिवशी. बस इथं." मी बसले. "दोन वह्या तू मला खोट्या वाचून दाखवल्यास. मी तुला एक शब्द बोललो नाही. आज खरं वाचायचं."

"काय वाचू?"

"त्याचं तोंड. मला दिसत नाही. तो समोर उभा आहे ना? काय आहे त्याच्या तोंडावर, ते वाच."

मी वर बघितलं. झिलू पायरीवर उभा होता, एक हात खांबावर. एवढ्या जवळून, एवढ्या उघड्यावर मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"घाबरलेत," मी म्हणाले.

"कशाला?"

"मला ताप येईल म्हणून."

"आणि?"

"आणि… तुम्ही नाही म्हणावं असं वाटतंय. म्हणजे त्यांना परत एकटं जाता येईल."

"आणि?"

"आणि तरी मी यावं, असंही आहे. ते जास्त आहे, आप्पा."

आप्पांनी मान त्याच्या दिशेला वळवली. ते विचारणार इतक्यात झिलूच म्हणाला, अगदी हळू, "मास्तर, बाय बरोबर वाचत्यात."

आप्पांनी पागोटं बाजूला ठेवलं. दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले आणि तसेच बसून राहिले. मग हात खाली घेतले तेव्हा त्यांचा आवाज शाळेतला होता. "पाटी आण. पावसाचे चार महिने. माणशी आठवड्याला दोन दिवस कोयनेल, दिवसाला दोन पुड्या. एकूण किती न्याव्या लागतील, हिशेब कर." मी पाटी ओढली. "आणि माणसं तीन धर."

आठ दिवसांत सुप्याच्या मारुतीपुढे आमचं लग्न लागलं. मृगाच्या आधी आम्ही निघालो. घाटाच्या पायथ्यापर्यंत आप्पा बैलगाडीत होते, तिथून वर त्यांना डोलीत घालून आणलं. झिलू पुढच्या दांडीला होता. मी मागून चालत होते, आणि आप्पा डोलीतून विचारत होते, आता डावीकडे काय दिसतं, आता उजवीकडे काय. मी सांगत होते.

शाळा एका गोठ्याच्या शेजारच्या खोलीत भरली. पहिल्या दिवशी सात मुलं होती, दिवाळीपर्यंत एकवीस झाली. झिलू वाचायला शिकवायचा, मी अंकगणित, आणि आप्पा भिंतीला टेकून पाढे घ्यायचे. पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडी. त्यांना डोळ्यांची गरजच नव्हती. मुलं त्यांना आजो म्हणायची आणि त्यांच्या पायाशी बसायला भांडायची. नंदगडला ते एवढे हसले असते असं मला वाटत नाही.

मला पहिल्या पावसाळ्यात तीनदा ताप आला. तीनदा मी उठले. झिलू रात्रंदिवस उशाशी असे, आणि पलीकडच्या घोंगडीवरून आप्पा विचारायचे, घाम फुटला का, घाम फुटला का.

दुसऱ्या पावसाळ्यात ताप आप्पांना आला. पाच दिवस होता. कोयनेल होतं, सगळं केलं. आप्पांची भीती खोटी नव्हती. फक्त तिचा माणूस चुकला. पाचव्या दिवशी पहाटे त्यांनी मला एवढंच विचारलं, उजाडलं का. मी म्हटलं, उजाडतंय. ते मी खरं सांगितलं.

त्यांना पोचवून माणसं परत आली तेव्हा दुपार झाली होती. मी दाराशी बसले होते, गावच्या बाया भोवती. मला रडू येत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की मी त्यांना इथं आणलं. झिलू आला, ओल्या कपड्यांनीच माझ्या शेजारी बसला. मी त्याला म्हणाले, माझ्यामुळं. तो म्हणाला, "माणसं तीन धर, असं त्येनीच सांगितलं हुतं, रुक्मे. त्यास्नी काय ठावं न्हवतं असं समजू नगंस."

त्या दिवशी शाळा नव्हती. पण मुलं आली होती. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. ती आपली आपण खोलीत जाऊन बसली, आणि थोड्या वेळाने पलीकडून पावकी सुरू झाली. आधी एकदोन आवाज, मग सगळे.

सगळ्या गावासमोर झिलूने माझा हात हातात घेतला. असं तिथं कुणी करत नसे. मी तो सोडवून घेतला नाही.